ण पालन्याचा

"साधा ण म्हणता येत नाही, आणि म्हणे अक्षरांची जत्रा!"

व्हरांड्यात कुणीतरी हे म्हणालं आणि दुसरं कुणीतरी हसलं. मी आत, दुसरीच्या वर्गात बाकावर चढून 'अक्षरांची जत्रा' या आमच्या प्रदर्शनाची चित्रं लावायला दोरी बांधत होते. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे गप्प राहायला कारणही होतं. मला वाटलं, हे माझ्याबद्दलच आहे. दोरीची गाठ तीनदा सुटली. दुपारी डबा खाताना कळलं की ते बोलणं मुलांबद्दल होतं. आधी हायसं वाटलं. मग, पोळीचा घास तोंडात असतानाच, असा काही संताप आला की डबा तसाच बंद केला.

कारण ण मलाही कधीकाळी येत नव्हता. माझं सगळं शिक्षण वाशीत, इंग्रजी शाळेत झालं. मराठीचा तास दिवसाचा शेवटचा, आणि तोसुद्धा पीटीच्या सरांना मैदानावर मुलं हवी असली की जायचा. आई-बाबा मूळचे साताऱ्याकडचे, घरात ते मराठीच बोलायचे. मी उत्तर मात्र इंग्रजीत द्यायचे. मे महिन्यात आत्याकडे गेलं की भावंडं मला पायरीवर बसवायची.

"म्हण की गं, कोणी लोणी खाल्लं?"

"कोनी लोनी खाल्लं."

मग सगळी पोट धरून हसायची. "परत, परत म्हण!" आत्या आतून यायची, मला कुशीत घ्यायची, "माझी मड्डम गं ती," म्हणायची आणि भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. माझ्या चुकीला लोणी मिळायचं. मी ण शिकले तो पुढे, कॉलेजात, आरशासमोर उभी राहून, जीभ टाळूकडे मागे वळवून. आजही घाबरले की तो निसटतो. आणि माझ्या हातून निसटला की लोक हसून म्हणतात, "इंग्लिश मिडियम ना, चालायचंच."

परवा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पुन्हा सूचना आली. यंदाही शाळेशाळेत भाषा आणि कलेचं प्रदर्शन भरणार आहे, तयारीला लागा. मी जेवणाच्या टेबलावर कार्डशीट पसरून बसले. खिडकीतून थंडी येत होती. थंडी म्हणजे आमच्याकडची थंडी, सकाळी स्वेटर घालून निघावं आणि दहा वाजता तो हातात घेऊन फिरावं, इतपतच. पण या दिवसांत पारसिकचा डोंगर तपकिरी पडतो, रस्त्यावरची धूळ जास्त दिसायला लागते, खाडीत फ्लेमिंगो उतरतात आणि गावठाणांमधून संध्याकाळी पोपटीचा वास येतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कुणाकडे कोंबडी, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. मला हा वास माहीत नव्हता. वाशीच्या सोसायट्यांमध्ये तो येत नाही. तो मला दुसरीच्या मुलांनी शिकवला, त्या जत्रेच्या हिवाळ्यात.

खाडीकडच्या एका गावठाणातली ती शाळा. एक छोटी संस्था मला तिथं आठवड्यातून तीन दिवस पाठवायची, पहिली-दुसरीला वाचन आणि चित्रं यांचा तास घ्यायला. स्टाफरूममध्ये माझी अशी खुर्ची नव्हती, जी रिकामी असेल ती माझी. मुलं बहुतेक गावातलीच. आजोबांची भातशेती होती किंवा मिठागर होतं, आता वडिलांचे डंपर आहेत, खोल्या भाड्यानं दिल्यात, कुणी बेलापूरला ऑफिसात जातं. जमीन गेली, त्यावर टॉवर आले. घरातली बोली मात्र तशीच राहिली. आहे नाही, हाय. नाही नाही, नाय. पाणी नाही, पानी. पाळणा नाही, पालना.

पहिल्या आठवड्यात मी ताटांत जाडं मीठ पसरलं. मिठात बोटानं अक्षर काढायचं, ताट हलवलं की पुसलं, पुन्हा काढायचं. खोडरबर नको, चुकल्याची खूण नको. मुलं इतकी शांत झाली की मीच घाबरले. मग एकानं आपला ग चाटून टाकला.

"टीचर, ग खारट हाय."

पुढचा अर्धा तास प्रत्येकाला आपलं अक्षर कसं लागतं ते बघायचं होतं. क जास्त खारट की ह, यावर मारामारी झाली. पण त्या दिवशी ज्यांना ह काढताना घाम फुटायचा त्यांनी तो हसत हसत काढला होता, हे मी बघत होते. मी बोलत कमी असल्यामुळे मला बरंच दिसतं.

भेंडीचे ठसे केले. कांदा आडवा कापून त्याचे ठसे केले. जुन्या पेपरातली अक्षरं कापून आपापलं नाव चिकटवलं. वेदांतला पेपरात कुठंच त मोठा सापडेना, तर त्यानं एका साबणाच्या जाहिरातीतला 'ताजेपणा'तला ता कापून त्याचा काना खरवडून टाकला. कणकेची अक्षरं करून खिडकीत वाळत ठेवली, सोमवारी आलो तर श मुंग्यांनी नेला होता. फरशीवर खडूनं अक्षरं काढून लंगडी घातली. ज्यावर पडाल त्या अक्षराचा शब्द सांगायचा.

तिथंच घोटाळा सुरू झाला. भिंतीवर छापील तक्ता होता. अ अननसाचा, य यज्ञाचा, ऐ ऐरणीचा. मी विचारलं, "ऐरण कुणी पाहिलीय?" कुणीच पाहिली नव्हती. मीही नव्हती. मग मागून आवाज आला, "टीचर, ऐ म्हंजे हाक. ऐऽऽ, वरती ये, जेवाला!" आणि सगळा वर्ग आपापल्या आयांच्या आवाजात ओरडायला लागला. मी तक्त्याकडे पाठ केली. म्हटलं, आपण आपलाच तक्ता करू. ज्याच्या तोंडात जो शब्द येईल तो. त्याचं चित्र काढायचं, आणि अक्षर त्या चित्रातच कुठंतरी बसवायचं. खाली शब्द लिहायचा, आपला आपण, जसा बोलतो तसा.

ऐ म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हाक मारणारी आई झाली. तिच्या तोंडातून बाहेर पडलेला ऐ रस्त्यापर्यंत पोचत होता. ब बोंबलाचा. ख खाडीचा. ड डंपरचा, त्याच्या गोल पोटात खडी भरलेली. म मेट्रोचा. फ फ्लेमिंगोचा, एक पाय वर घेतलेला. प पतंगाचा नाही, पोपटीचा, खरी वालाची शेंग चिकटवून. आठवडाभरात त्या शेंगेतून किडे निघाले, तर मुलांनी तेही चित्रात धरले.

दुसरीच्या वर्गशिक्षिका कदम बाई. साताऱ्याकडच्या, माझ्या आत्यासारखंच कुंकू लावणाऱ्या, पण लोणी न देणाऱ्या. त्या वाईट शिक्षिका होत्या असं मला म्हणायचं नाही. आजारी मुलाच्या घरी जाऊन बसणाऱ्या बाई होत्या त्या. पण ण त्यांचा जीव की प्राण होता. श्रावणी नावाची एक मुलगी होती, पहिल्या बाकावरची, दोन वेण्या आणि कायम ओले वाटणारे डोळे. मी येण्याआधी कधीतरी बाईंनी तिला उभं करून 'पाणी' म्हणायला लावलं होतं. पानी. पुन्हा म्हण. पानी. जीभ मागं घे. पानी. वर्ग हसला. तेव्हापासून श्रावणीनं मोठ्यानं वाचणंच बंद केलं होतं. पुस्तक धरायची, ओठ हलवायची, आवाज नाही. शाळेत तहान लागली तरी ती पाणी मागायची नाही, बाटली संपली की तशीच बसायची. हे मला शेजारच्या मुलीनं सांगितलं.

त्या दिवशी मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. पाणी, म्हटलं. बरोबर आलं. पानी, म्हटलं. तेही बरोबर वाटलं. तहान दोन्हींनी भागते.

मग ण-ची पाळी आली. मी तो टाळत होते. तक्त्यावर ण बाणाचा होता, कारण ण-नं सुरू होणारा शब्द मराठीत मिळतच नाही, बिचारा कायम कुणाच्या तरी मागे उभा. मी फळ्यावर मोठा ण काढला. विचारलं, "हा कुणासारखा दिसतो?"

"बानासारखा नाय दिसत," एक जण म्हणाला.

"टीचर, यो आनि न येकच बोलतो, मंग दोन कशाला?"

मी म्हटलं, "माहीत नाही. तुम्ही सांगा." आणि तेव्हा पहिल्या बाकावरून आवाज आला. इतका बारीक, की आधी मला वाटलं बाहेरून आला.

"पालना हाय तो."

सगळे श्रावणीकडे वळले. तिनं मान खाली घातली, पण बोट फळ्याकडेच होतं. मी फळ्याकडे पाहिलं. आणि खरंच. वरची आडवी रेघ, तिला टांगलेली ती वाकलेली, खोल झोळी, आणि बाजूला सरळ खांब. इतकी वर्षं मी हे अक्षर म्हणायला शिकत होते. ते बघितलं कधीच नव्हतं.

"त्यात कोण आहे गं?" मी विचारलं.

"माजा भाऊ. निजलाय."

तिनं दोन दिवस चित्र केलं. रेघेला दोन कड्या काढल्या, घरच्या छताला आहेत तशा. पाळण्याला आईच्या जुन्या साडीचा तुकडा चिकटवला, हिरवा, काठासकट. आत मुठी वळून झोपलेलं बाळ, त्याला काळी तीट. खांबाला टेकून ती स्वतः, हातात दोरी. वरून चिमणीएवढा खुळखुळा. ण कुठं संपतो आणि घर कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. आणि खाली, जाड निळ्या स्केचपेननं, दोन्ही ओठ दाबून, तिनं लिहिलं, 'पालना'. मग तिनं ते वाचलं. मोठ्यानं. मला नाही, बाजूच्या मुलीला. तिनं दुसऱ्या मुलीला वाचायला लावलं. डबा खायच्या सुट्टीत ती वर्गातल्या प्रत्येकाला पकडून आपल्या भावाकडे आणत होती. "हळू, जागा होल," असं दटावत होती.

कदम बाई चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांना आवडलं. आवडलंच होतं.

"सुंदर काढलंय," त्या म्हणाल्या. "पण अगं, हा ण-चा कागद आहे ना? आणि खालच्या शब्दात ण-च नाही. ळ पण नाही. शिक्षण खात्याचे साहेब येणार, पालक येणार, काय म्हणतील? दुसरीच्या पोरांना अक्षरं जोडून साधा शब्द लिहिता येत नाही?"

"ती बोलते तसं लिहिलंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"तेच तर." बाई खुर्चीवर बसल्या. चिडल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "हे बघ, तू चांगली आहेस, पोरांना आवडतेस. पण तुझं काय, तू इंग्लिश मिडियमची. तू ण-ला न म्हटलंस तर लोकं कौतुक करतात. हिनं म्हटलं तर म्हणतील, गावठी. उद्या ही मोठ्या शाळेत जाईल, मुलाखतीला जाईल, तिथं तिला हसतील. मग तू असणारेस का तिथं? मी आजच तिला दटावते, म्हणजे उद्या कुणी हसायला नको."

बाईंचं म्हणणं पार खोटं नव्हतं, हीच अडचण होती. व्हरांड्यातलं ते वाक्य त्यांचं होतं की दुसऱ्या कुणाचं, मी कधी विचारलं नाही. पण त्या दुपारपासून ते वाक्य आणि आत्याकडचं लोणी माझ्या डोक्यात एकमेकांसमोर बसून राहिलं. एकच चूक. तोच न. माझ्या तोंडातला न गोड, कारण त्यामागं फी भरलेली शाळा दिसते. तिच्या तोंडातला न अडाणी, कारण त्यामागं खाडी दिसते, मिठागर दिसतं, मासळीची टोपली दिसते. मग ती चूक जिभेची नाहीच. ती ऐकणाऱ्याच्या कानाची आहे. आणि कानाला शिकवायला आपण कधी कुणाला उभं करत नाही.

ण शिकू नये असं मला वाटत नाही. शिकावाच. मीही शिकले. श्रावणीला तो येईल, आला असेलही. पण घरात जे खरोखर टांगलंय त्याचं नाव चुकीचं आहे, असं सात वर्षांच्या मुलीला सांगून तो शिकवायचा असेल, तर तसला ण मला नको. आधी तिचा पालना भिंतीवर. पाळणा त्याच्या शेजारी येऊ दे, पाहुण्यासारखा. पाहुण्यासाठी घरच्याला बाहेर काढत नाहीत.

हे सगळं मी आता, कार्डशीट कापता कापता, इतकं सरळ लिहिते आहे. तेव्हा यातलं एक अक्षर मला कुणासमोर म्हणता आलं नसतं. मी कुणाशी भांडलेली नाही. रिक्षावाल्यानं जास्त पैसे सांगितले तर मी देऊन टाकते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी खांबाच्या मागे बसते. आईला वाटतं, पोरगी शांत आहे. मी शांत नाही. मी फक्त सगळं आत ठेवते, आणि आत आता जागा उरलेली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी वर्गात गोंद, तेलाचे केस आणि गजरे असा एकत्र वास होता. आया नटून आल्या होत्या. श्रावणीची आई कडेवर बाळ घेऊन आली. चित्रातलाच तो, पण चांगला जागा. आपल्याच चित्राकडे बघून त्यानं साडीच्या तुकड्याला हात घातला आणि सगळ्या हसल्या. "माजी साडी कापलीस व्हय गं तू?" असं आई लटकं रागावली, आणि मग डोळ्याला पदर लावून बाजूला झाली. प्रत्येक मूल आपल्या चित्राशेजारी उभं होतं. साहेब आले की आपलं अक्षर आणि आपला शब्द वाचून दाखवायचा, असं ठरलं होतं. श्रावणी सकाळपासून बोट शब्दाखाली ठेवून उभी होती. ओठ हलत होते, आणि या वेळी त्यातून आवाज येत होता. पालना. पालना. पालना.

साहेब चांगल्या मूडमध्ये होते. ऐ-च्या आईला त्यांनी दाद दिली, डंपरच्या पोटाला हात लावून पाहिला, पोपटीपाशी म्हणाले, "वा, आमच्यासाठी पण ठेवा हो!" मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खूश. कदम बाई खूश. मग ते श्रावणीपाशी आले. श्रावणीनं श्वास घेतला.

तिनं तोंड उघडायच्या आत साहेबांनी खालचा शब्द वाचला होता.

"ण-चं चित्र ना हे? मग ण कुठाय?" ते मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले. "ण चोरीला गेला की काय, बाई?"

सगळे हसले. साहेब हसले की हसायचं असतं, म्हणून हसले. काही आयाही हसल्या, नीट न कळून. श्रावणीची आई हसली नाही. श्रावणीचं बोट शब्दावरून खाली आलं. ओठ मिटले. मी तो चेहरा ओळखला, रिकामी बाटली घेऊन बसणाऱ्या मुलीचा चेहरा, तो परत येताना मला दिसत होता.

"राहिलं लिहिताना, सर. लगेच दुरुस्त करते," कदम बाई घाईघाईनं म्हणाल्या. टेबलावरचा काळा मार्कर त्यांनी उचलला, टोपण काढलं आणि त्या 'पालना'च्या न-वर वाकल्या. श्रावणीनं साडीच्या तुकड्यावर तळहात ठेवला, झाकल्यासारखा.

मी भिंतीला लागून उभी होते, नेहमीसारखी, कुणाच्या वाटेत नाही अशी. मला आठवतं, मी बाई आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिले आणि बाईंच्या हातातला मार्कर माझ्या ओढणीला लागला. सगळे माझ्याकडे बघत होते. ही बोलते, हेच बहुतेकांना माहीत नव्हतं.

"ण आहे, सर," मी म्हटलं. "त्या रेघेला टांगलाय, वर बघा. त्यात तिचा भाऊ निजलाय. जरा हळू बोला."